बी उगवले नाही, तर दाद कुठे मागायची?



डोणगावच्या शिवारात पाऊस पडला की सोयाबीनची पेरणी होते. आठ दिवसांनी वावरात जाऊन पाहावे, तर तासच्या तास रिकामे! दुकानदार म्हणतो, "बी खोल पडलं." कंपनी म्हणते, "ओल कमी होती." अशा वेळी भांडण्यात दिवस घालवू नका. पक्की पावती, पिशवी, तिच्यावरचे लेबल आणि मूठभर बी जपून ठेवा. मेहकरला तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. दुबार पेरणीची कितीही घाई असली, तरी वावर मोडण्याआधी तक्रार निवारण समितीचा पंचनामा करून घ्या. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण शेकडा ७० पेक्षा कमी चालत नाही.

समिती पाहणी करते, भरपाई देत नाही. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करावा लागतो. वकील लावलाच पाहिजे असे नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही.

आता बीजोत्पादनाचा प्लॉट घेणाऱ्यांसाठी थोडे जास्त सांगतो. कंपनीच्या करारात बारीक अक्षरात एक कलम असते, की तंटा झाल्यास तो लवादाकडे जाईल. लवाद म्हणजे कोर्टाबाहेर नेमलेला पंच. मग कास्तकाराला सांगतात, "तुम्हाला दुसरीकडे जाताच येत नाही."

हे खरे नाही. आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी सदोष बियाण्याबद्दल ग्राहक मंचात दावे केले, तेव्हा राष्ट्रीय बीज निगमानेही लवादाचे कलम पुढे केले होते. कज्जा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१२ साली न्यायालयाने सांगितले, की शेतकरी हा ग्राहकच आहे. लवाद हा त्याच्यापुढचा एक मार्ग आहे, एकमेव मार्ग नव्हे. सगळे बी पेरून टाकले म्हणून नमुना उरला नाही, एवढ्यावरून दावा बुडत नाही, हेही त्याच निकालात आहे.

पण एक धोका ओळखा. आधी लवादाचा मार्ग स्वीकारला, तर मागाहून ग्राहक आयोगाचे दार बंद होऊ शकते. लवादाचा निवाडा जिल्हा न्यायालयात फिरवायचा, तर मुदत साधारण तीन महिन्यांची आणि कारणेही मोजकीच. तेव्हा लवादाच्या कागदावर सही करण्याआधी तो कोणाकडून तरी मराठीत समजून घ्या. ग्राहक आयोगात जायचे ठरले, तर तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करा.