बाटलीतले मायलेज : इंजेक्टर क्लीनर घ्यावे की न घ्यावे?

धाराशिवहून सोलापूरच्या कापडबाजारात, कळंबहून लातूरच्या आडत बाजारात, परंड्याहून बार्शीला; जिल्ह्यातील व्यापारी कुटुंबाची मोटार आता चैनीची वस्तू राहिलेली नाही, ती दुकानाइतकीच कामाची झाली आहे. त्यामुळे लिटरला १८ किलोमीटर धावणारी गाडी १७ वर आली, की ती तूट खर्चाच्या वहीत लगेच दिसू लागते. नेमक्या अशा वेळी गॅरेजमध्ये एक छोटी बाटली पुढे केली जाते. टाकीत ओतावी, इंजेक्टर स्वच्छ होतील आणि गेलेले मायलेज परत येईल, असे सांगितले जाते. या सांगण्यात तथ्य किती आणि विक्रीची हातोटी किती, याचा हिशेब मांडून पाहणे योग्य ठरेल.

इंजेक्टर म्हणजे इंधनाचा अतिसूक्ष्म फवारा उडवणारी झारी. तिची छिद्रे केसाएवढी बारीक असतात. इंजिन बंद केल्यावरही तोटीचे टोक तापलेले राहते, तेथे उरलेला इंधनाचा थेंब सुकतो आणि त्याचा चिकट थर साचत जातो. थर वाढला की फवारा विस्कटतो. मग सकाळी गाडी चालू होण्यास वेळ लागतो, उभी असताना इंजिन थरथरते, चढावर पिकअप मिळत नाही. दिवसातून दहा वेळा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हा थर लवकर साचतो. महामार्गावर नियमित धावणाऱ्या गाडीत तो उशिरा साचतो.

हा थर विरघळवणारी रसायने खरोखर अस्तित्वात आहेत. त्यांपैकी पॉलिइथर अमाइन हे सर्वांत परिणामकारक मानले जाते. अमेरिकेत १९९५ पासून सर्व पेट्रोलमध्ये असे स्वच्छक द्रव्य मिसळणे बंधनकारक आहे. तेथील वाहनधारकांच्या ‘एएए’ या संघटनेने २०१६ मध्ये घेतलेल्या चाचणीत, सुमारे ४,००० मैलांच्या धावेनंतर, किमान मात्रेच्या पेट्रोलमुळे इंजिनात साचलेली काजळी उच्च प्रतीच्या पेट्रोलच्या तुलनेत सरासरी १९ पट आढळली. म्हणजे स्वच्छक द्रव्य निरुपयोगी नाही. मात्र ते साचलेली घाण काढते. इंधनात नसलेली शक्ती निर्माण करत नाही. ज्या गाडीचे इंजेक्टर मुळात स्वच्छ आहेत, तिला बाटलीने काहीही मिळत नाही.

येथेच धाराशिवच्या वाचकाने एक घरची गोष्ट ध्यानात घ्यावी. जिल्ह्यात ऊस पिकतो, कारखान्यांत इथेनॉल तयार होते. चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने २०२१ च्या कोरोनाकाळात आपल्या इथेनॉल प्रकल्पातून प्राणवायू निर्माण केल्याची आठवण अनेकांना असेल. देशभरातील अशा कारखान्यांचे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०२२ च्या मध्यास हे प्रमाण १० टक्के झाले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. निती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातच, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीचे मायलेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल आणि १० टक्के मिश्रणासाठी बनवून २० साठी जुळवलेल्या गाडीचे १ ते २ टक्क्यांनी, असा अंदाज दिला आहे. १८ वरून १७ वर आलेल्या जुन्या गाडीचे कोडे बहुधा येथेच सुटते. ही तूट इंजेक्टरमधील घाणीची नसून इंधनातील ऊर्जेची आहे. ती कोणतीही बाटली भरून देऊ शकत नाही.

दुसरे कारण भेसळीचे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलभेसळ करणाऱ्या टोळीने जिवंत जाळले. या धंद्याची काळी बाजू महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिली. भेसळीच्या इंधनावर बाटलीचा उपाय चालत नाही. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी विनाशुल्क मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. त्या दिवशीची घनता तपासून घेता येते आणि मापाची शंका असल्यास ५ लिटरच्या प्रमाणित मापाने खात्री करता येते. तराजूवर ज्यांचा व्यवसाय उभा आहे, त्यांनी हा अधिकार वापरण्यात संकोच बाळगू नये.

आता खर्चाचा ताळा. बाटली ४०० रुपयांची, पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर धावते, असे धरू. ४० लिटरची टाकी ४,२०० रुपयांत भरते. त्या एकाच टाकीत बाटलीचा खर्च वसूल व्हायचा, तर सुमारे साडेनऊ टक्के बचत व्हायला हवी, आणि ती जवळजवळ अशक्य आहे. परंतु बाटली ५,००० किलोमीटरला एकदाच वापरली, तर तेवढ्या अंतरास सुमारे ३५,००० रुपयांचे पेट्रोल लागते आणि सव्वा टक्क्याहूनही कमी बचतीत खर्च निघतो. प्रत्येक टाकीला बाटली ओतणे हा तोट्याचा व्यवहार. लक्षणे दिसणाऱ्या गाडीत एकदा वापरून पाहणे हा फार तर माफक जोखमीचा.

वापरायची झाल्यास काही पथ्ये पाळावीत. प्रथम गाडीसोबत मिळालेली मालकपुस्तिका वाचावी, कारण याबाबत प्रत्येक कंपनीची सूचना सारखी नसते. पेट्रोलची बाटली डिझेलच्या गाडीत ओतू नये. सांगितलेल्या मात्रेपेक्षा अधिक घालू नये. धातुयुक्त द्रव्ये टाळावीत, कारण त्यांमुळे धूर शुद्ध करणारी महागडी यंत्रणा निकामी होते. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या नव्या पेट्रोल इंजिनांत टाकीतील द्रव्य हवेच्या झडपांपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे तेथील काजळी अशा बाटलीने निघत नाही. डिझेलच्या आधुनिक गाड्यांत इंधनाचा दाब २,००० बारपर्यंत जातो. तेथे पाणी व गाळ हे इंजेक्टरचे खरे शत्रू असून वेळेवर बदललेला डिझेल फिल्टर बाटलीपेक्षा अधिक राखण करतो.

बाटलीकडे वळण्यापूर्वी टायरमधील हवा, स्पार्क प्लग, एअर फिल्टर आणि चिकटणारे ब्रेक तपासून घ्यावेत. हे सर्व ठीक असून इंजिन थरथरतच असेल, तर एक चांगली बाटली वापरावी आणि पुढील तीन टाक्यांचे मायलेज वहीत लिहून ठेवावे. फरक न पडल्यास दुसरी बाटली न घेता इंजेक्टर काढून यंत्रावर त्यांचा फवारा तपासून घ्यावा, गरज असल्यास अल्ट्रासोनिक पद्धतीने धुवावेत. त्याला अधिक पैसे पडतात, पण दोष कोठे आहे ते डोळ्यांनी दिसते. टाकीगणिक लिटर आणि किलोमीटर यांची नोंद ठेवणाऱ्या घराला, बाटलीने काम केले की नाही, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही.