नोकरी गेल्यानंतरचे पहिले दिवस



अश्दोद येथील एका कारखान्यात मी 22 वर्षे यंत्रदुरुस्तीचे काम केले. वयाच्या 51 व्या वर्षी कामगारकपातीच्या यादीत माझे नाव आले. काम सुटल्यावरही मी रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडत असे, समुद्रकाठच्या बाकावर दिवस काढीत असे आणि संध्याकाळी परतत असे. घरी सांगण्याचे धैर्य मला होईना. अखेर एके दिवशी कपडे धुवायला घेताना पत्नीने विचारले, "अहो, किती दिवस झाले, तुमच्या शर्टाला तेलाचा वास नाही. काय झालं ते सांगा." तोवर 17 दिवस उलटले होते.

त्या दिवसांची किंमत मला पुढे कळली. बेकारी भत्ता नोकरी सुटल्याच्या तारखेपासून मिळत नाही. लिश्केत, म्हणजे रोजगार कार्यालयात, नाव नोंदविल्यापासून त्याचे दिवस मोजले जातात. लाजेपायी माझा तेवढ्या दिवसांचा भत्ता बुडाला. म्हणून माझे पहिले सांगणे हेच, की ही गोष्ट त्याच दिवशी घरी सांगावी आणि काम सुटताच नाव नोंदवावे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. कामावरून काढण्यापूर्वी मालकाने 'शिमुआ', म्हणजे आपले म्हणणे मांडण्याची संधी, दिली पाहिजे. तेथे एकटे जाऊ नये. सोबत प्रतिनिधी नेता येतो. मासिक पगारावर वर्षभर काम झाले असल्यास एक महिन्याची पूर्वसूचना मिळण्याचा हक्क आहे. "तुम्हीच राजीनामा द्या, नाव चांगले राहील," असे कोणी गोड शब्दांत सुचविले तर सही करण्याआधी जाणकारास विचारावे. सबळ कारणाविना स्वतः नोकरी सोडणाऱ्यास भत्त्यासाठी 90 दिवस थांबावे लागते.

बितुआख लेउमीकडून भत्ता मिळण्यासाठी साधारणतः मागील 18 महिन्यांपैकी 12 महिने काम झालेले असावे लागते. माझ्या वयाच्या माणसास तो अधिकाधिक 175 दिवस मिळतो. काढून टाकल्याचे पत्र, शेवटच्या पगारपावत्या आणि 161 क्रमांकाचा फॉर्म जपून ठेवावा. पित्सुईमची, म्हणजे भरपाईची, रक्कम हाती येताच मोडण्याचा मोह होतो. परंतु पेन्शन फंडातील तो भाग काढल्यास म्हातारपणीचे पेन्शन कमी होते. मी अर्धी रक्कम काढली, याची आज खंत वाटते.

नवीन काम मात्र मला कागदांनी मिळवून दिले नाही. घरी सांगितल्यानंतरच्या गुरुवारी, सकाळच्या प्रार्थनेनंतर, याच सिनेगॉगमध्ये मी चार जणांपुढे मन मोकळे केले. त्यांतील एकाने वातानुकूलन यंत्रांचे शिक्षण घेण्यास सुचविले. दुसऱ्याने माझा हिब्रू अर्ज लिहून दिला. पाच महिन्यांनी एका रुग्णालयाच्या दुरुस्ती विभागात मला काम मिळाले. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. पहिले काही महिने माझ्या मुलाच्या वयाचा मुकादम मला काम शिकवीत होता, हे मनाला लागले. पण त्याने मनापासून शिकविले.

आपले पूर्वज कोकणात घाणा चालवीत आणि शब्बाथला तो बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. धंद्याच्या नावाने ओळखले जाण्याची त्यांना लाज नव्हती. रब्बी योहानान चपला शिवीत. त्यांचे नावही त्या धंद्यावरूनच पडले, असे मानतात. लाज कामाची नसते, मग ते काम दुसऱ्याने काढून घेतल्याची आपण का बाळगावी? रामबाम यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांत सर्वांत वरची पायरी कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला त्याच्या पायांवर उभे करण्याची आहे. परंतु ज्याची अडचण कोणास ठाऊकच नाही, त्याला हात कोण देणार?

दर गुरुवारी प्रार्थनेनंतर मी मागच्या बाकावर थांबतो. ज्यांच्यावर ही वेळ आली असेल, त्यांनी आपले पत्र घेऊन यावे. ते आपण दोघे मिळून वाचू.