कर्ज विकलं गेलं, धनी बदलला

ऑगस्ट 1990 मध्ये आयर्लंडची संसद सुट्टी मोडून तातडीने बोलावली गेली. इराकने कुवेतवर हल्ला केला होता, गोमांस निर्यात करणाऱ्या ‘गुडमन इंटरनॅशनल’चे इराककडचे पैसे अडकले होते आणि बँका वसुलीसाठी दाराशी येऊन ठेपल्या होत्या. न्यायालयाच्या संरक्षणाखाली देणी नव्याने ठरवू देणारी ‘एक्झामिनरशिप’ तेव्हा घाईघाईने कायद्यात आली. छोट्या कंपनीला परवडेल अशी, शक्यतो न्यायालयाबाहेर उरकणारी ‘स्कार्प’ प्रक्रिया मात्र सुरू झाली डिसेंबर 2021 मध्ये. मधली 31 वर्षं मला सर्वांत जास्त खटकतात. कौटुंबिक धंद्यांसाठी राजकीय दबाव आणू नये, असं म्हणणाऱ्यांनी ती मोजावीत. दबाव तेव्हाही होता; मोठ्यांसाठी तो काही दिवसांत फळला.

2008 मध्ये आयर्लंडच्या बँका कोसळल्या आणि त्यांना सावरायला सरकारने सुमारे 64 अब्ज युरो ओतले. पुढे ताळेबंद साफ करण्यासाठी बँकांनी थकीत कर्जं गठ्ठ्यांनी विकली. सर्बेरस, लोन स्टार अशा अमेरिकी फंडांनी ती घेतली. तिथले लोक या फंडांना गिधाडं म्हणतात. आपल्याकडे ॲसेट रिकन्स्ट्रक्शन कंपन्या करतात, त्याच जातीचा हा व्यवहार. समजा, एखाद्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानावर तीन लाख युरोचं कर्ज आहे आणि बँकेने ते दीड लाखाला विकलं. दुकानदाराच्या हाती पडतं एक पत्र : यापुढचे हप्ते अमुक कंपनीकडे भरा. करार तोच, देणंही पूर्ण तीन लाखांचंच. बदलतो तो समोरचा माणूस. कुठल्या महिन्यात गल्ला भरतो आणि कुठल्या महिन्यात ओढाताण होते, हे ओळखणारा बँक मॅनेजर आता मध्ये नसतो. फंडाला थोड्या वर्षांत गुंतवणूकदारांचे पैसे परत करायचे असतात. त्यामुळे पंधरा वर्षांची हप्तेबंदी त्याला सोयीची नसते, जागा विकणं सोयीचं असतं. मालकाने वैयक्तिक हमी दिली असेल, तर दुकानाच्या वरचं राहतं घरही त्यात ओढलं जातं.

घेतलेलं कर्ज फेडायला नको का, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच कर्जमाफीची मागणी मला मान्य नाही, आणि खासदाराने एखाद्यासाठी बँकेत केलेला फोन तर मुळीच नाही. तो ओळखीपाळखी असलेल्यांच्याच कामी येतो. पण दीड लाखाची सूट बँकेने दिलेलीच आहे, फक्त ती फंडाच्या पदरात पडली. नियमाने हप्ते भरणाऱ्या शेजाऱ्याला त्यात काय मिळालं? तेव्हा दबाव हवा तो नियमासाठी : विक्रीआधी त्याच किमतीत कर्ज मिटवण्याची पहिली संधी कर्जदाराला मिळावी. गठ्ठ्यात एकेका कर्जाची किंमत ठरत नाही, हे कारण टिकणारं नाही, कारण बोली लावणारा प्रत्येक तारणाचा हिशेब करूनच आकडा लावतो. बंधनं घातली की कर्जं महागतील, ही भीती मी हलक्यात घेत नाही, कारण बुडीत कर्ज वसूल होणार नसेल तर बँक नव्या कर्जदाराकडून जास्त व्याज घेणारच. पण 2015 च्या कायद्याने वसुली सांभाळणाऱ्या कंपन्या आणि 2018 च्या दुरुस्तीने खुद्द फंड मध्यवर्ती बँकेच्या देखरेखीखाली आले, त्यानंतरही कर्जविक्री चालूच राहिली.

काम मात्र अर्धवट आहे. स्कार्पमध्ये कर खातं ठरावीक कारणांवर बाहेर राहू शकतं, आणि मुळात ही सोय फक्त कंपन्यांसाठी आहे. कंपनी न काढता, पाटीवर स्वतःचं नाव लावून दुकान चालवणाऱ्यापुढे आजही वैयक्तिक दिवाळखोरीच्या कायद्याचीच वाट आहे.