खताच्या ढिगाचीही आगोट!

मे महिना संपत आला की पेण-रोह्याकडच्या घरांतून एकच लगबग सुरू होते. सुकी मासळी डब्यांत भरली जाते, मसाला कुटून होतो, पापड वाळतात, सरपण पडवीत रचले जाते. ही आगोटची तयारी! पुढचे चार महिने बाहेर काही वाळणार नाही, हे इथल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण एका गोष्टीची आगोट करायला मात्र आपण विसरतो. ती गोष्ट म्हणजे परसातला खताचा खड्डा.

उन्हाळ्यात त्या खड्ड्याची काही तक्रार नसते. जुलै उजाडला की त्यात काळे पाणी साचते, माश्या घोंगावतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. शेजारी नाक मुरडतात. मग घरातला ओला कचरा पिशवीत बांधून रस्त्याकडेला नाही तर वहाळात जाऊन पडतो. “पावसाने ढीग थंड पडला, म्हणून खत बिघडले,” असे पुष्कळजण सांगतात. हे खरे आहे का? विद्यार्थी मित्रांनो, चला, थोडे गणित करून पाहू.

ढीग तापतो कशाने?

खताचा ढीग म्हणजे एक संथ शेगडीच आहे. कचऱ्यातले पिष्ठमय व शर्करायुक्त पदार्थ सूक्ष्मजीव प्राणवायूच्या साहाय्याने ‘जाळतात’. एक ग्रॅम साखरेपासून सुमारे पावणेचार किलोकॅलरी उष्णता मिळते. मग ती ज्योतीत जळो की जीवाणूच्या पोटात! ढीग पुरेसा मोठा असेल तर आतले तापमान 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत चढते.

‘पुरेसा मोठा’ का म्हटले? उष्णता तयार होते घनफळात आणि निसटते पृष्ठभागातून. एक फूट बाजूच्या घनाचे घनफळ 1 घनफूट व पृष्ठफळ 6 चौरस फूट. तीन फूट बाजूच्या घनाचे घनफळ 27 घनफूट व पृष्ठफळ 54 चौरस फूट. म्हणजे लहान ढिगात दर घनफुटामागे 6 चौरस फूट, तर मोठ्या ढिगात फक्त 2 चौरस फूट! म्हणूनच कॅनडासारख्या देशात मोठा ढीग हिमाखालीही आतून ऊबदार राहू शकतो. ताज्या भुसभुशीत हिमात बहुतेक जागा हवेनेच व्यापलेली असते. त्यामुळे ते ढिगावर चक्क गोधडीसारखे काम करते. लहान ढीग मात्र गोठतो. तरी बिघडत नाही. जीवाणू निपचित पडतात आणि वसंतात पुन्हा कामाला लागतात.

मग आपला ढीग का बिघडतो? आपल्याकडे तर हिम नाही!

पावसाची थंडी किती?

रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबरमध्ये. समजा, एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला. एक चौरस मीटरच्या उघड्या ढिगावर 100 लिटर पाणी पडले. ते सगळे आत मुरले असे धरू. हे पाणी 25 अंशांवरून 55 अंशांपर्यंत तापवायला 100 × 30 = 3000 किलोकॅलरी लागतील. त्यासाठी साखर किती जाळावी लागेल? अवघी 800 ग्रॅम! मीटरभर उंच ढिगात शेकडो किलो माल असतो. त्याला हे फार जड नाही. तेव्हा थंडी हा मुख्य गुन्हेगार नव्हे.

खरा गुन्हेगार

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहा. 800 ग्रॅम साखर जाळायला सुमारे 850 ग्रॅम प्राणवायू लागतो. तो सुमारे तीन हजार लिटर हवेत मिळतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मात्र लिटरला जेमतेम 8 मिलिग्रॅम असतो. म्हणजे तेवढ्यासाठी एक लाख लिटरहून अधिक पाणी हवे!

शिवाय पाण्यात प्राणवायूचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश होते. हवेतून एक सेंटिमीटर जायला त्याला साधारण अडीच सेकंद लागतात. साचलेल्या पाण्यातून सुमारे सात तास. अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट होतो. म्हणजे दोन सेंटिमीटरसाठी एक दिवसाहून अधिक!

पानापानांमधल्या फटी पाण्याने भरल्या की आतले जीवाणू गुदमरतात. त्यांची जागा हवेविना जगणारे जीवाणू घेतात. यांपैकी काही मिथेन वायू तयार करतात. साखरेचे मिथेन झाले तर तिच्यातल्या ऊर्जेचा जेमतेम विसावा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. बाकीची मिथेनमध्येच राहते. म्हणून तर गोबर गॅस शेगडीत पेटतो! गंधकयुक्त पदार्थांपासून कुजक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघतो. तेव्हा ढीग थंड पडल्याने बिघडत नाही. तो गुदमरतो आणि म्हणून थंड पडतो.

उपाय काय?

अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरला कंपोस्टची जी पद्धत बसवली, तिच्यावरचे त्यांचे पुस्तक 1931 साली प्रसिद्ध झाले. या पद्धतीतही पावसाळ्यात खड्ड्याऐवजी जमिनीवर ढीग करतात. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांच्या ‘नाडेप’ टाक्याच्या विटांच्या भिंतींत हवेसाठी मुद्दाम भोके ठेवलेली असतात. दोन्हींचे मर्म एकच: हवा.

आपल्या परसात एवढे करा. खड्डा नको, वीटभर उंच ओट्यावर काटक्या व नारळाची सोडणे पसरा आणि त्यावर ढीग रचा. वर पत्र्याचे किंवा झापांचे छप्पर घाला, बाजू मोकळ्या ठेवा. आणि आगोट! मे महिन्यातच आंब्या-फणसाचा सुका पाला पोत्यांत भरून पडवीत ठेवा. एक माप ओल्या कचऱ्यावर दोन मापे सुका पाला घाला. तो जादा ओल शोषतो, फटी उघड्या ठेवतो आणि कार्बन पुरवतो. कोळंबीची टरफले ढिगाच्या मध्यभागी पुरून भरपूर पाल्याने झाका. आठवड्यातून एकदा ढीग उलथा. मूठभर माल दाबला तर एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर आणखी पाला घाला.

नदीचा हिशेब

आपला गणेशोत्सव पावसातच येतो. घरोघरी फुले, दुर्वा, पत्री जमते आणि काही निर्माल्य पेणला भोगावती, रोह्याला कुंडलिका नदीत जाते. कोरड्या वजनाचे एक किलो निर्माल्य पुरते कुजायला साधारण एक किलो प्राणवायू लागतो; म्हणजे सुमारे सव्वा लाख लिटर पाण्यातला सगळा! हवेतून नवा प्राणवायू पाण्यात मिसळतो खरा, पण सावकाश. संथ डोहात तोवर मासे तडफडतात. तेच निर्माल्य छपराखालच्या ढिगात गेले तर त्याला लागणारा प्राणवायू हवेतून फुकट मिळतो.

करून पाहा

पत्र्याचे दोन जुने डबे घ्या. एकाच्या तळाला व बाजूंना भोके पाडा, त्यात ओला कचरा आणि दुप्पट पाला मिसळून भरा. दुसऱ्यात नुसता ओला कचरा घालून तो बुडेल एवढे पाणी ओता. डबे लहान असल्यामुळे उष्णता लवकर निसटेल. म्हणून दोन्हींभोवती गोणपाट गुंडाळा, पण भोके झाकू नका. दोन्ही डबे पडवीत ठेवा. तीन आठवडे रोज सकाळी दोन्हींचे तापमान व वास आणि त्या वेळचे हवेचे तापमान वहीत टिपा. मग पहिल्या डब्याच्या भोकांना मेण लावून त्यातही पाणी भरा. वास आधी येतो की तापमान आधी उतरते? वही घेऊन आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा.