सरकारी वकील ते न्यायाधीश

अमेरिकेत फेडरल न्यायाधीश होण्यासाठी परीक्षा नसते. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट चौकशी करून मतदानाने संमती देते आणि नेमणूक तहहयात असते. आपल्याकडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश 62व्या वर्षी निवृत्त होतात. तिथे निवृत्तीचे वयच ठरलेले नाही.

सोनिया सोटोमायोर यांचेच पाहा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या पोर्तो रिकन कुटुंबातली ही मुलगी नऊ वर्षांची असताना वडील गेले. येल विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन त्या 1979 मध्ये मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात रुजू झाल्या. पाच वर्षे चोरी, मारहाण, खून असे खटले चालवले. साक्षीदार कसा डगमगतो, पोलिसांचा पुरावा कुठे कच्चा असतो, हे तिथे रोज समोर दिसते. माझ्या मते न्यायासनासाठी याहून चांगली तालीम नाही. मात्र आरोपीच्या बाजूनेही पाहण्याची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

पुढे काही वर्षे खासगी वकिली. 1992 मध्ये त्या जिल्हा न्यायाधीश झाल्या, 1998 मध्ये अपील न्यायालयात गेल्या. 2009 मध्ये सिनेटने 68 विरुद्ध 31 मतांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयात धाडले. तिथल्या त्या पहिल्या लॅटिना न्यायमूर्ती.