छोटा अनुबोधपट : माणसाला त्याचे शब्द देणारे माध्यम

अनुबोधपट म्हटला की धरणाची भिंत, कारखान्याचे धुराडे आणि त्यावर चालणारे भारदस्त निवेदन असे चित्र अनेकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु एखादी व्यक्ती, एखादा व्यवसाय किंवा एखादा प्रश्न घेऊन तो दहा-वीस मिनिटांत मांडणारा छोटा, व्यक्तिगत अनुबोधपट हेही या माध्यमाचे तितकेच महत्त्वाचे रूप आहे. ज्याच्याविषयी तो काढला, त्याला त्यात स्वतःच्या शब्दांत बोलता आले काय, ही त्याची खरी कसोटी होय.

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) हा कथापट निर्माण करण्यापूर्वी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोपाची वाढ एकेका चौकटीने टिपली. अनेक दिवसांची ती वाढ पडद्यावर अल्पावधीत दिसली. विषय लहान आणि निरीक्षण दीर्घ, हा धडा त्या प्रयोगाने घालून दिला.

पुढे १९४८ मध्ये केंद्र शासनाने फिल्म्स डिव्हिजनची स्थापना केली. (ही संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.) तिचे दिग्दर्शक एस. एन. एस. शास्त्री यांनी स्वातंत्र्याला वीस वर्षे झाली तेव्हा, १९६७ मध्ये, ‘आय ॲम २०’ हा लघुपट काढला. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या तरुण-तरुणींना त्यांनी कॅमेऱ्यासमोर बोलते केले. कोणी आशा व्यक्त केली, कोणी उघड नाराजी. शासनाच्याच संस्थेने ती नाराजी गाळली नाही, म्हणूनच तो लघुपट आजही जिवंत वाटतो. पुढील वर्षी ‘अँड आय मेक शॉर्ट फिल्म्स’मध्ये शास्त्रींनी लघुपटकाराच्या स्वतःच्या कामालाच विषय केले.

निर्मितीची पथ्ये

आता चित्रणाचे साधन प्रत्येकाच्या खिशातील भ्रमणध्वनीत आले आहे. साधन सुलभ झाले, तरी पथ्ये बदललेली नाहीत. गावातील कुंभारावर लघुपट काढावयाचा असल्यास प्रथम कॅमेरा न नेता त्याच्याकडे जावे. मातीपासून भट्टीपर्यंतचे काम पाहावे. प्रश्न ‘होय-नाही’त संपणारे नसावेत. ‘धंदा कसा चालतो?’ यापेक्षा ‘मागच्या भट्टीत काय झाले?’ या प्रश्नाला अधिक सकस उत्तर मिळते. ध्वनिग्राहक बोलणाऱ्याच्या जवळ असावा. अस्पष्ट चित्र प्रेक्षक एक वेळ सहन करतो, अस्पष्ट बोलणे नाही. चाकाचा आणि मडके थोपटण्याचा आवाज स्वतंत्रपणे टिपून ठेवावा. संकलनाच्या वेळी, चित्रात दिसते तेच पुन्हा सांगणारे निवेदन प्रथम काढून टाकावे.

संमती हे सर्वांत मोठे पथ्य. चित्रण कोठे व कोणास दाखविले जाणार, हे आधी समजावून सांगावे आणि तयार लघुपट सर्वप्रथम त्या व्यक्तीलाच दाखवावा. अधिकाऱ्याने किंवा सरपंचाने विचारले म्हणून दिलेला होकार मोकळा असतोच असे नाही, याचे भान ठेवावे. योजनेच्या लाभार्थ्याकडून केवळ आभाराचे दोन शब्द वदवून घेतले, तर ती जाहिरात होते. त्याची अडचणही ऐकली, तर तो अनुबोधपट होतो.

शाळा व ग्रामपंचायतींनी वर्षाकाठी असा एक जरी लघुपट काढला, तरी गावातील मावळत चाललेले व्यवसाय, बोली आणि आठवणी यांचा विश्वसनीय संग्रह उभा राहील.