विज्ञानकथा ॲक्शन फिगर संग्रह

विज्ञानकथा ॲक्शन फिगर संग्रह हा विज्ञानकथांवरील चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका व चित्रकथा यांतील पात्रांच्या हातपाय हलणाऱ्या छोट्या प्लॅस्टिक आकृत्या जमवण्याचा छंद होय. भारतात १९८० च्या दशकापासून देशातच तयार झालेल्या, मध्यमवर्गीय कुटुंबांना परवडणाऱ्या खेळण्यांमुळे या छंदाला आधार मिळाला. त्यांपैकी गोव्यातील कारखान्यात तयार झालेल्या फनस्कूल कंपनीच्या जी. आय. जो आकृत्या जगभरच्या संग्राहकांना परिचित आहेत.

== पार्श्वभूमी ==

‘ॲक्शन फिगर’ ही संज्ञा अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने १९६४ मध्ये जी. आय. जो या सैनिकी खेळण्यासाठी रूढ केली. मुलगे बाहुली विकत घेणार नाहीत, या समजुतीतून ‘बाहुली’ हा शब्द टाळण्यात आला होता. ही मूळ आकृती १२ इंच उंचीची व कापडी पोशाखाची होती.

विज्ञानकथा क्षेत्रातील मोठा बदल ‘स्टार वॉर्स’ (१९७७) या चित्रपटामुळे घडला. मेगो या तत्कालीन आघाडीच्या कंपनीने या चित्रपटाचा परवाना नाकारला व तो केनर कंपनीला मिळाला. केनरने १९७८ मध्ये पावणेचार इंच उंचीच्या आकृत्या बाजारात आणल्या. मान, दोन खांदे व दोन मांड्या अशा पाचच ठिकाणी त्या हलत असत. लहान आकारामुळे प्लॅस्टिक कमी लागे, किंमत उतरे आणि आकृती आत बसू शकेल अशी अंतराळयानेही विकता येत. पुढील काळात हा आकार अनेक कंपन्यांनी स्वीकारला. हॅस्ब्रोनेही १९८२ मध्ये जी. आय. जो याच आकारात नव्याने आणला. लेझर शस्त्रे व काल्पनिक युद्धयंत्रे यांमुळे ही मालिका विज्ञानकथेच्या जवळ गेली. त्याच वर्षी मॅटेल कंपनीने सुमारे साडेपाच इंच उंचीच्या ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ आकृत्या आणल्या.

== भारतातील उत्पादन ==

मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीच्या लिओ या नाममुद्रेखाली ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’मधील आकृत्या भारतात तयार झाल्या. त्यांतील ही-मॅन हे पात्र दूरदर्शनवरील मालिकेमुळे घरोघरी पोहोचले होते.

१९८७ मध्ये टायर उद्योगातील एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या सहकार्यातून फनस्कूल कंपनी स्थापन झाली. तिच्या गोव्यातील कारखान्यात हॅस्ब्रोच्या साच्यांवरून जी. आय. जो आकृत्या तयार होऊ लागल्या. अमेरिकेत ही मूळ मालिका १९९४ मध्ये थांबली, तरी भारतात उत्पादन पुढेही चालू राहिले. साचे तेच असले, तरी प्लॅस्टिकचे व कपड्यांचे रंग, रंगकाम आणि जोडीला दिलेली शस्त्रे अनेकदा अमेरिकी आवृत्तीपेक्षा वेगळी असत. एका पात्राच्या आकृतीला दुसऱ्या पात्राचे अवयव जोडल्याचेही आढळते. पूर्वी हे फरक दोष मानले जात. आज त्यांमुळेच या आकृत्यांना स्वतंत्र ओळख आहे.

== ओळख व कालनिश्चिती ==

आकृतीच्या पाठीवर किंवा पायावर कोरलेले वर्ष हे बहुधा मूळ साच्याच्या स्वामित्वहक्काचे असते, भारतातील उत्पादनाचे नव्हे. त्यामुळे केवळ त्या वर्षावरून वय ठरवल्यास अनेक वर्षांची चूक होऊ शकते. मागील बाजूचे पुठ्ठे, त्यांवरील बोधचिन्ह, छापील किंमत आणि इतर आकृत्यांची चित्रे ही कालनिश्चितीची अधिक विश्वसनीय साधने होत. मुले वेष्टन फाडून टाकत असल्याने असे पुठ्ठे फार थोडे उरले आहेत. रिकामा पुठ्ठाही जपून ठेवण्याचे कारण हेच.

== किंमत व उपलब्धता ==

दुर्मिळ नमुन्यांच्या किमती सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेर असतात. केनरच्या बोबा फेट या पात्राचा, क्षेपणास्त्र उडवणारा व कधीही विक्रीस न आलेला एक प्रायोगिक नमुना २०२४ मध्ये अमेरिकेतील लिलावात ५,२५,००० डॉलरला विकला गेला. मुलांच्या घशात क्षेपणास्त्र अडकण्याच्या भीतीने ही रचना रद्द झाली होती.

भारतात नव्या परदेशी आकृत्या करांमुळे महाग पडतात. खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के व २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणचिन्हही बंधनकारक आहे.

कमी खर्चात संग्रह करणारे म्हणून वेष्टन नसलेल्या, सुट्या किंवा मोडक्या आकृत्यांना प्राधान्य देतात. मुंबईतील चोर बाजार व पुण्यातील जुना बाजार ही अशा वस्तूंची परिचित ठिकाणे आहेत. अशा बाजारांपासून दूर असलेल्या वरोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी जुन्या घरांतील माळे, रद्दीवाले व भंगारवाले हे जुन्या खेळण्यांचे मार्ग ठरतात. जत्रांमधील नाममुद्रा नसलेली यंत्रमानव व अंतराळवीरांची प्लॅस्टिक खेळणीही काही जण स्वतंत्रपणे जमवतात. एकच मालिका, एकच पात्र किंवा एकच उत्पादक निवडल्यास थोड्या पैशांत संग्रह अर्थपूर्ण होतो.

== दुरुस्ती व जतन ==

पावणेचार इंची जी. आय. जो आकृतीचे धड व पाय आतील एका रबरी कड्याने जोडलेले असतात. कालांतराने रबर कडक होऊन तुटते व आकृतीचे दोन भाग होतात. पाठीवरील स्क्रू काढून योग्य मापाचे नवे कडे बसवल्यास ती पूर्ववत होते. नळदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातही अशी कडी अल्प किमतीत मिळतात. त्यामुळे निरुपयोगी समजून टाकलेली आकृती पुष्कळदा दुरुस्त होण्याजोगी असते. अंगठे व कमरेचा सांधा मात्र ठिसूळ असल्याने शस्त्र हातात बळजबरीने बसवू नये.

ऊन व अतिनील किरणांमुळे प्लॅस्टिक पिवळे पडते, तर उष्णतेने मऊ प्लॅस्टिकमधील द्रव्ये पृष्ठभागावर येऊन ते चिकट होते. चंद्रपूर परिसरातील कडक उन्हाळ्यात पत्र्याखालील माळा ही साठवणुकीची अयोग्य जागा ठरते. आकृत्या कोमट पाणी व सौम्य साबणाने धुऊन, पूर्ण कोरड्या करून बंद कपाटात ठेवणे हितावह असते.

== बनावट प्रती ==

मूळ आकृतीवरून साचा काढून केलेल्या प्रती किंचित लहान व पुसट तपशिलांच्या असतात. नवी शस्त्रे जुन्या आकृतीसोबत विकण्याचे प्रकारही घडतात. खरेदीपूर्वी खात्रीच्या नमुन्याशी वजन, कोरलेली अक्षरे व स्क्रू यांची तुलना करणे उपयुक्त ठरते. दुरुस्त केलेल्या आकृतीत कोणते भाग बदलले, याची नोंद ठेवल्यास पुढील संग्राहकाची दिशाभूल होत नाही.